पोलादी कूर्ना

आजोबांना कोरताना कंटाळा आला म्हणूनच कूर्न्याच्या भिंती चार बोटे जाड राहिल्या, हे इल्मोचे मत त्याच्या इतर मतांप्रमाणे सप्रमाण मांडून झालेले होते. आणि इतर मतांप्रमाणेच ते त्याच्या थोरल्या बहिणीला, सायमीला, मान्य नव्हते.

हा कूर्ना अस्पेनच्या ओंडक्यातून होडीसारखा कोरलेला होता. त्याच्या तळाशी जुनिपरच्या फांद्या आणि राय या धान्याचे लांब काड अंथरायचे, वर मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा, रायच्या पिठासह शिजवलेला लगदा ओतायचा, त्यावर कढत पाणी सोडत राहायचे आणि एका टोकाला बादली लावून गोड, तपकिरी रस गळू द्यायचा. हा रस आंबला की साहती, म्हणजे घरची बिअर, तयार. जूनअखेरच्या जुहान्नुस सणाच्या शेकोटीला गावाला साहती पाजण्याचा मान वडिलांच्या वेळेपासून या घराकडे होता. मागच्या शरद ऋतूत इल्मोने, कूर्न्याच्याच भल्यासाठी, तो दमट कोठारातून उचलून बॉयलरच्या उबदार खोलीत नेऊन ठेवला. वसंतात पाहतो तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट जाईल एवढी चीर! तळ्यात बुडवून ठेवला, लाकूड फुगले, पण चीर काही मिटली नाही.

"माल्ट एकदाच पुरेल एवढं आहे," सायमी म्हणाली. "यंदा रस गळला तर गळला. नाहीतर मी स्वतः जाऊन तौनोला सांगेन, मान तुझ्या घरी ने. दुकानातले डबे काखोटीला मारून मी शेकोटीला यायची नाही."

तौनो म्हणजे पलीकडच्या काठावरचा शेजारी. त्याचा कूर्ना धडधाकट होता. पण त्याच्याकडे मागायला जाणे म्हणजे मान त्याच्या हवाली करण्यासारखेच होते. नव्या ओंडक्यासाठी झाड हिवाळ्यात पाडावे लागते. प्लास्टिकच्या पेटीला नळी जोडण्याचा विचार इल्मोने तीन तऱ्हांनी मांडून तिन्ही तऱ्हांनी खोडला. उभा जन्म पुलांचे आराखडे तपासण्यात गेलेल्या या माणसाने अखेर पोलाद निवडले: पातळ, निर्मळ, झिलईदार पत्रा, तळाशी बारीक चिरांची जाळी, मधोमध एक उभा दांडा आणि त्यावर गरगर फिरून पाणी शिंपडणारा हात. बोल्टच्या खाचांत घाण साचते म्हणून दांडा त्याने पक्का झाळून टाकला.

"हे काय, डुकरांच्या गव्हाणीला शॉवर बसवलास?" सायमीने विचारले.

"शॉवर नाही तो. पाणी सगळीकडे सारखं पडावं म्हणून आहे. आणि पोलाद तडकत नाही."

"नाही कसं? तू थोडं जपून तर बघ."

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळपासून लगदा शिजला आणि दुपारी तो नव्या कूर्न्यात पडला. काड सायमीने विळ्याने कापून आणलेले, जुनिपर तळ्याकाठचा. त्याबाबतीत तिने इल्मोचे काही चालू दिले नव्हते. तोटी उघडताच बोटाएवढी तपकिरी धार लागली. इल्मोने मान किंचित तिरपी करून बहिणीकडे पाहिले. सायमी सवयीने कूर्न्याच्या काठावर टेकली आणि किंचाळून उडाली.

"आई गं! मलाही शिजवतोस की काय!"

"काठावर बसतेस कशाला?"

"जन्मभर बसत आलेय! आईसुद्धा बसायची. त्या लाकडावर कसं नुसतं कोमट लागायचं."

"हे बाकडं नाही, सायमी. रस गाळायचं साधन आहे."

"मग गाळू दे की त्याला!"

कारण धार बारीक होत चालली होती. ती दोऱ्याएवढी झाली, मग थेंब थेंब पडू लागली, मग तेही थांबले. इल्मोने तोटी पूर्ण उघडली, अर्धी मिटली, पुन्हा उघडली. पत्र्यावर लाकडी हातोडीने ठोकले. वरचा हात मोठ्या डौलाने फिरत होता, पाणी सगळीकडे सारखे पडत होते आणि सगळीकडे सारखेच साचत होते. खाली रायचा लगदा चुन्याच्या गिलाव्यासारखा बसला होता. इल्मोने ढवळण्याचे वल्हे खुपसले. ते उभेच राहिले.

"जाळीच्या चिरा मी हिशेबाने ठेवल्या होत्या," तो दातओठ खात म्हणाला. "हिशेबात चूक नाही."

"मग हिशेबच आंबव."

नेमका याच वेळी तौनो होडी बांधून वर आला. पोलादाकडे, न गळणाऱ्या तोटीकडे आणि खाली वाट पाहणाऱ्या बादलीकडे त्याने क्रमाने नजर टाकली.

"काय इल्मो, रस काढतोयस की पेशंटला सलाईन लावलंयस?"

"तू कशाला आलास?"

"सहज. खालून गॅस पेटवून बघ."

"तळाची राय करपेल, मूर्खा!"

"बरं, बरं. माझा कूर्ना भिजत घालून ठेवलाय, एवढंच सांगायला आलो होतो."

इल्मो वळला आणि त्याने पत्र्यावर तळहात टेकवला. सायमीला चटका देणारी तीच बाजू आता खरकट्या पाण्याइतकी कोमट होती. सारी ऊब पातळ पत्र्यातून अंगणात निघून गेली होती, आणि थंडावलेली राय डिंकासारखी चिकटली होती. जुन्या कूर्न्यावर दोन पिढ्या निवांत बसल्या होत्या, कारण त्याने आतली ऊब कधी बाहेर येऊ दिली नव्हती. आजोबांना कंटाळा आलेला नव्हता. ही गोष्ट मोठ्याने म्हणण्याची त्याला जरुरी वाटली नाही.

सायमी खांद्यावर टॉवेल आणि हातात वाफेच्या अंघोळीची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन निघाली होती. "तुमचं चालू द्या. शनिवार आहे, सौना तापलाय. अंघोळ करते आणि तौनोबरोबरच पलीकडे जाते."

"थांब!" इल्मो ओरडला. "आत जाऊ नकोस. सौना मला हवाय."

"आत्ता? अंघोळीला?"

"कूर्न्याला!"

तिघांनी मिळून तो उचलला. तौनो हसत होता, पण जड टोक त्यानेच धरले. सौनाचे दार, वाफ निसटू नये म्हणून असते तसे, बुटके होते. कूर्ना अर्धा आत गेला आणि मधला दांडा खणकन चौकटीला आदळला. तिरपा करावा तर लगदा सांडतो.

"काढ तो दांडा," तौनो धापा टाकत म्हणाला.

"निघत नाही. झाळलाय."

"कुणी?"

इल्मोने त्याच्याकडे असे पाहिले की तौनोने पुढचा प्रश्न गिळला. कूर्ना उंबऱ्यावर टेकवून इल्मोने लगद्यावर ओला पंचा पसरला, करवत आणली, आणि रात्रीचा दिवस करून घडवलेला तो हात स्वतःच्या हाताने कापू लागला. करवत दोनदा अडकली. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा त्याने पोलादाला, पुलांना, बॉयलरला आणि शेवटी स्वतःला अशा शिव्या दिल्या की सायमीनेही त्याला टोकले नाही. दांडा गवतात पडला.

आत खालच्या बाकावर कूर्ना ठेवून दार लावले. कपडे उतरवून, टॉवेल गुंडाळून तिघेही वरच्या बाकावर बसले. बराच वेळ घाम गळत होता. दुसरे काही गळत नव्हते.

"शनिवारच्या सौनात माल्टला अंघोळ," सायमी पुटपुटली. "आईनं बघितलं असतं तर—"

खाली टप् असा आवाज झाला. मग आणखी एक. मग थेंब जुळले, आणि दोऱ्यासारखी तपकिरी धार बादलीत उतरू लागली. लगद्याच्या कडेने इल्मोने बोट फिरवले. तो सैल होत होता. पाणी घालायला आता हात उरला नव्हता. त्याने दगडांवर पाणी मारायचा लाकडी डाव उचलला आणि कढत पाणी हलक्या हाताने, कडेकडेने सोडले.

सायमीने बादलीत बोट बुडवून चाखले. तिने पुन्हा चाखले, आणि हे इल्मोने पाहिले.

"गोड आहे," ती म्हणाली. "तौनो, तुझा कूर्ना वर काढून ठेव. उगाच भिजून फुगेल."

"पुढच्या खेपेला," इल्मो सरसावून बसला, "पत्र्याला बाहेरून चार बोटं जाड लाकडाचं आवरण द्यायचं. मुद्दा असा आहे की—"

"मुद्दा असा आहे की भट्टी विझत आलीय," सायमी म्हणाली. "ऊठ, लाकूड घाल."