पोटाशी हात धरून

मोरेश्वरने उशीचा जुना अभ्रा ओढून काढला आणि नवा चढवताना उलटा चढवला. शिवण बाहेर राहिली. तशीच उशी त्याने पलंगावर टाकली.

*

विमानतळाबाहेर गाडी उभी करायला मनाई असते. चढा, उतरा, निघा.

*

कपाळ. अर्धा चष्मा. मागे छताचा पंखा.

*

एक मुलगा भरधाव पळतोय. कमरेत वाकलेला, दोन्ही हात पोटाशी घट्ट. हातांत काहीही नाही.

*

"कोच गेले." त्याखाली लगेच दुसरा मेसेज: "तिकीट बुक केलंय."

*

शनिवारी सकाळी इशान ओट्यापाशी उभा राहून, बॅगेतून आणलेल्या कसल्याशा नळकांड्यातून कॉफी दाबत होता. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून तो आदल्या संध्याकाळी टेक्सासला, अर्विंगच्या घरी आला होता आणि रविवारी परत जाणार होता. मोरेश्वर टेबलाशी बसून गोळ्यांच्या डबीतला शनिवारचा कप्पा उघडत होता.

"बाबा, गेम्सचे व्हिडिओ कुठेयत?"

"कुठले गेम्स?"

"बाबा! फुटबॉल. हायस्कूलचे. तुम्ही शूट केलेले."

"त्या हार्ड ड्राइव्हवर होते. ती गेली."

"गेली म्हणजे?"

"क्रॅश झाली. जुनी होती."

सुवर्णा फ्रिजमध्ये दही शोधत होती. ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"शाळेकडे पण काही नाहीये यार," इशान म्हणाला. "स्टोरेजमध्ये पाणी शिरलं, सगळं वाया गेलं. आज कोचच्या मेमोरियलला दाखवायला काहीतरी हवं होतं. टीममधला ट्रॅव्हिस म्हणाला, युअर डॅड टेप्ड एव्हरीथिंग."

"मी एव्हरीथिंग टेप नाही केलं. तुला टेप केलं."

"तेच ते."

"इशान," सुवर्णा फ्रिज बंद करत म्हणाली, "जरा वर चल माझ्याबरोबर. तुझ्या खोलीतलं कपाट अडकलंय, उघडत नाही."

दोघं वर गेले. मोरेश्वरने दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि पाणी घ्यायचं विसरला.

सुवर्णा एकटीच खाली आली तेव्हा तो म्हणाला, "सनीव्हेल मार्चमध्ये काय लांब गेलं होतं का?"

मार्चमध्ये त्याच्या हृदयात स्टेंट घातला होता. हॉस्पिटलच्या खाटेवरून फोनच्या पडद्यावर त्याला इशानचं कपाळ दिसलं होतं, अर्धा चष्मा आणि छताचा पंखा. स्टेंट आजकाल रूटीन असतं बाबा, ऑफिसातली सॉफ्टवेअर रिलीज झाली की येतो.

"अहो, माणूस गेलाय तो," सुवर्णा म्हणाली.

"म्हणजे मी गेलो असतो तर आला असता."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. निळ्या शर्टाला इस्त्री केलीये, तो घाला."

*

इथल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी. अंडाकृती बॉल काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी पाडायचं. आजूबाजूच्या शाळांकडे बैलांसारखी पोरं होती. कोच प्रुइटकडे भाड्याच्या अपार्टमेंटांमधली किडकिडीत पोरं होती. म्हणून त्याने असला ऑफेन्स, म्हणजे चढाईचा डाव, काढला, की बाकीचे कोच आधी हसले आणि नंतर हरले.

त्याची पोरं प्रतिस्पर्ध्यांकडे पाठ करून एका घोळक्यात उभी राहायची. बॉल आत यायचा, हातांतून हातांत फिरायचा, आणि एकदम सगळे फुटायचे. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, कोणी सरळ समोरच्या अंगावर. सगळे कमरेत वाकलेले, सगळ्यांचे हात पोटाशी. बॉल त्यांच्यातल्या एकाकडे. पाडायचं कोणाला?

नियम एकच होता: ज्याचे हात रिकामे, त्याने सगळ्यांत जोरात पळायचं. कोणीतरी येऊन पाडेपर्यंत.

चौतीस नंबर, म्हणजे इशान, कायम रिकामा. मोरेश्वरला हे पहिल्या गेमच्या आधीपासून माहीत होतं. तरी सगळ्यांत वरच्या रांगेत ट्रायपॉड लावून तो चौतीस नंबरचंच शूटिंग करायचा. बॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा, लोक बाकांवर चढून ओरडायचे, मोरेश्वरचा कॅमेरा हलायचा नाही. त्याच्या चौकटीत इशान गवतावर पालथा आणि त्याच्या अंगावर दोन धिप्पाड पोरं. आवाज दुसऱ्याच कोणाच्या तरी टचडाउनचा.

*

कोच म्हणतात दूध पी. (सुवर्णा हे बालवाडीपासून म्हणत होती.)

कोच म्हणतात पाठ सरळ ठेव.

कोच म्हणतात हरलो तरी समोरच्याच्या डोळ्यांत बघून हात मिळवायचा.

कोच म्हणतात मॅथ्स सोडू नको. (मॅथ्स शिकवायला मोरेश्वर मीटिंगा टाळून घरी यायचा.)

कोच म्हणतात झोप.

कोच म्हणतात वडिलांशी बोलत जा.

त्या दिवशी इशान जेवताना म्हणाला होता, "हाउ वॉज युअर डे, बाबा?" मोरेश्वर हरखून सांगायला लागला. सर्व्हर कसा पडला, नागपूरचा एक नवा मुलगा कसा घाबरला, सगळं. मग मध्येच थांबून त्याने विचारलं, हे तुला कोणी विचारायला सांगितलं? इशानने खरं ते सांगितलं. त्यानंतर तो प्रश्न रोज आला आणि मोरेश्वरने रोज एकच उत्तर दिलं. ठीक.

*

शाळेच्या जिमच्या दाराशी तिकाटण्यावर कोच प्रुइटचा फोटो होता. लाल मान, गळ्यात शिट्टी. मोरेश्वर फोटोच्या फ्रेमकडे बघत पुढे सरकला. फोटोशेजारी मिसेस प्रुइट उभ्या होत्या. बाई चणीने एवढीशी, पण येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात हातांत घेत होत्या.

"तुम्ही इशानचे डॅडी," त्या म्हणाल्या. "तुमची ती टोपी कुठेय?"

"कुठली टोपी?"

पण मागून लोक येत होते. सुवर्णाने त्याला कोपराने पुढे ढकललं.

बोलणारे एकेक करून उठले. एक अग्निशमन दलातला, एक दातांचा डॉक्टर, एक ट्रक विकणारा. तिघेही कोचचा आवाज काढून दाखवत, हसवत, आणि शेवटी एकाच वाक्यावर येत. ही वॉज लाइक अ फादर टु मी.

बापासारखा. यांना बाप नसतील, असं मोरेश्वरने मनाशी ठरवून टाकलं. मग ट्रक विकणाऱ्याचा बाप पहिल्या रांगेतच बसलेला त्याला दिसला. मुलाचं बोलणं संपल्यावर त्यानेच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. हे मोरेश्वरला अजिबात समजलं नाही. आपला मुलगा सगळ्या गावासमोर दुसऱ्याला बाप म्हणतोय आणि हा टाळ्या वाजवतोय.

"काय पुटपुटताय?" सुवर्णाने विचारलं.

"काही नाही."

"लोक रडतायत. निदान चेहरा तरी सरळ ठेवा."

"रडू देत की. मी कुठे अडवलंय."

पुढचं नाव इशानचं होतं.

मोरेश्वरने हातातला कार्यक्रमाचा कागद घडी घालून घडी घालून इतका लहान केला, की पुढची घडी पडेना. इशान ते वाक्य म्हणणार. सगळे म्हणतायत, तो का नाही म्हणणार? आणि म्हणाला, की आपण काय करायचं, हे मोरेश्वरला ठरवता येत नव्हतं. उठून बाहेर जाता येणार नाही. टाळ्या तर वाजणारच नाहीत.

इशानने आधी काही न बोलता मागच्या पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर गवत आलं, दिव्यांचा उजेड आला आणि चौतीस नंबर आला.

मोरेश्वरने सुवर्णाकडे मान वळवली.

"कपाट उघडलेलं दिसतंय."

"उघडलं," ती समोर बघत म्हणाली.

पडद्यावर पोरं फुटली. कॅमेरा चौतीस नंबरच्या मागे गेला. चौतीस नंबर वाकून पळाला, पोटाशी हात धरून, आणि दोघांनी त्याला आडवा केला. चौकटीबाहेर अख्खं स्टेडियम ओरडत होतं. चौकट तिथेच. गवत, आणि त्यावर एक पोरगा.

"बॉल कुठेय?" मागून कोणीतरी ओरडलं आणि जिमभर हशा पिकला.

हशा ओसरला तेव्हा स्पीकरमधून एक आवाज आला. अगदी जवळचा, दबका, मराठी. "उठ. उठ रे. लागलं का? उठ... उठला. उठला."

मोरेश्वरने स्वतःचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्याने खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

इशान माइकपाशी आला. तो इंग्रजीत बोलत होता, टेक्सासच्या त्या संथ सुरात, जो तो सनीव्हेलमध्ये बहुतेक वापरत नसावा.

"हे आमच्या बाबांचं शूटिंग," तो म्हणाला. "बॉल तुम्हाला यात कुठेच दिसणार नाही. कारण बॉल माझ्याकडे कधीच नसायचा. पहिल्याच सीझनमध्ये मी कोचला सांगितलं, मी सोडतो. रोज मार खायचा आणि कोणाला पत्ताही नाही. कोचने माझे खांदे धरले आणि मला स्टँडकडे वळवलं. म्हणाले, तो वरच्या रांगेतला माणूस दिसतो का? माकडटोपीवाला?"

लोक हसायला लागले. टेक्सासच्या नोव्हेंबरात माकडटोपी घालणारा एकच माणूस त्या गावात होता.

"म्हणाले, त्या माणसाला वाटतं बॉल तुझ्याकडे आहे. दर वेळी त्याचा कॅमेरा तुझ्यामागे जातो. अख्ख्या स्टेडियममध्ये तो एकटा आहे, ज्याला शंका येत नाही. आता तूच सांग, त्याला खरं कळू द्यायचंय?"

 इशानने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"मी दोन वर्षं पळालो. बाबांना कळू नये म्हणून. दॅट्स इट. थँक यू, कोच."

ते वाक्य तो म्हणालाच नाही.

सगळी जिम मागे वळून मोरेश्वरकडे बघत होती. हसत होती, टाळ्या वाजवत होती. मागच्या रांगेतल्या कोणा जाड्या माणसाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "यू नेव्हर न्यू, मॅन!"

मोरेश्वर हसला. हसावंच लागलं. खेळातलं काडीचंही न कळणारा इशानचा भोळा बाप. दोन वर्षं तो आपल्या पोराला बघत होता, आणि कोचने ते बघणंसुद्धा उचलून स्वतःच्या ऑफेन्समध्ये बसवलं होतं. 'आय न्यू.' दोनच शब्द. जाड्याकडे वळून म्हणता आले असते. उभं राहून सगळ्यांना सांगता आले असते. मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी याच्याकडेच बघत होतो. दाखवू दे मग कोणाला काय दाखवायचंय ते.

तो अर्धवट उठलाही.

तिथून दाराजवळचा फोटो दिसत होता. आल्यापासून पहिल्यांदाच मोरेश्वरने त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो खाली बसला.

"काय झालं?" सुवर्णाने विचारलं. "छातीत दुखतंय का?"

"नाही गं."

*

पार्किंगमध्ये ऊन होतं. इशानने गाडीचं दार उघडलं आणि तसंच धरून उभा राहिला.

"चिडलात ना? न विचारता लावला व्हिडिओ."

"ड्राइव्ह चालतेय म्हणजे."

"मस्त चालतेय." तो हसला. मग हसू मावळलं आणि तो मराठीत, शब्द शोधत म्हणाला, "बाबा, खरं सांगा. तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"की बॉल माझ्याकडे नसायचा."

सुवर्णाने तोंड उघडलं. "अरे, ह्यांना तर..."

"तू आधी आत बस," मोरेश्वर म्हणाला. "ऊन लागतंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग मागच्या सीटवर जाऊन बसली.

इशान अजून दार धरून उभा होता. वय अठ्ठावीस, कानांजवळ दोन-चार पांढरे केस. ते मोरेश्वरने पाहिले नव्हते. फोनच्या पडद्यावर दिसत नाहीत.

"आज," मोरेश्वर म्हणाला.

"आज?"

"आत्ता. तू सांगितलंस तेव्हा. मला कुठे काय कळतंय त्यातलं? मला आपलं वाटायचं, तूच घेऊन पळतोयस. तुझ्या आईला म्हणायचोसुद्धा, एवढा बॉल घेऊन पळतो, याचं नाव का नाही पुकारत लेकाचे."

इशान मोठ्याने हसला. हसता हसता त्याने गाडीच्या टपावर थाप मारली, मग दुसऱ्या बाजूला तोंड करून उगाचच रस्त्याकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मोरेश्वर थांबला. त्याला घाई नव्हती.

"रविवारची फ्लाइट पुढे ढकलतो," इशान रस्त्याकडे बघतच म्हणाला. "वर्क फ्रॉम होम करेन दोन-तीन दिवस. चालेल ना?"

"ठीक," मोरेश्वर म्हणाला. आणि मग, "त्या नळकांड्यातली कॉफी मलाही दे उद्या. बघू कशी लागते."

*

मोरेश्वर आणि कोच प्रुइट एकमेकांशी एकदाच बोलले होते. पहिल्या गेमच्या आदल्या दिवशी, प्रॅक्टिस संपल्यावर, मैदानाच्या कुंपणापाशी. माझ्या मुलाला बॉल कधी मिळेल, असं मोरेश्वरने विचारलं होतं. कधीच नाही, असं कोचने त्याला सांगितलं होतं.