अकरावं उदाहरण

"साहेब, लस राहिलेल्यांची लिस्ट कोरी आली म्हणून मी तांड्यावर गेलेच न्हाई," उपकेंद्राच्या नर्स शकुंतलाबाई फोनवर सोनाजीला सांगत होत्या. "तिथल्या रूपाबाईच्या पोराला, जगनला, गोवर निघालाय. नांदेडला नेऊन राहिले."

सोनाजीने त्यांच्या गोरेगावकडच्या उपकेंद्राचे आकडे उघडले. बालकं चारशे बारा. गोवराची लस दिलेली तीनशे चौऱ्याहत्तर. बाकी: शून्य. मग अडतीस लेकरं गेली कुठं?

हिंगोलीच्या आरोग्य कचेरीत तो एकोणीस वर्षं कारकून होता. संगणक आल्यावर त्यानेच हौसेने पुस्तिका लिहिली होती: यंत्राला माहिती कशी विचारायची, सव्वीस उदाहरणांसह. केंद्राकेंद्रांवर लोक ती उदाहरणं अक्षर न बदलता टाइप करत. अकरावं होतं लस राहिलेली लेकरं शोधायचं; जुनं यंत्र 'लसीची तारीख = काहीच नाही' असं विचारलं तरी समजून घ्यायचं. गेल्या महिन्यात आलेलं नवं यंत्र मात्र प्रश्नांच्या भाषेच्या प्रमाण नियमांना धरून चाले. त्या नियमांत 'काहीच नाही' हे कशाच्याच बरोबरीचं नसतं, म्हणून यादी कोरीच येते. 'तारीख रिकामी आहे का' असंच विचारावं लागतं. उदाहरणं तपासायचं काम सोनाजीकडेच होतं. अकरावं त्याने नव्या यंत्रावर चालवून पाहिलं होतं. यंत्राने चूक दाखवली नाही, म्हणून तो पुढे गेला होता.

त्याने प्रश्न बदलून विचारला. अडतीस नावं सरसर उतरली. मग जिल्ह्याची यादी काढली. दोन हजारांवर.

"वर शंभर टक्के लसीकरण कळवलंय मी," कचेरीतले मोठे साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "मशीन बिघडली म्हणून लिहा."

"मशीन बराबर हाय, साहेब. पुस्तक चुकलं. ते माझं हाय."

"नोकरीवर येईल, सोनाजी."

"व्हय."

त्याने फोन ओढला आणि कळमनुरीपासून वसमतपर्यंत एकेका केंद्राला अकरावं उदाहरण नव्याने सांगितलं. "खोडा आधीचं. लिव्हा. आता वाचून दाखवा. न्हाई, पुन्यांदा." संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसला.

पाचव्या दिवशी तो शकुंतलाबाईंबरोबर जीपने तांड्यावर गेला. खिशात खुलासा मागणारी नोटीस होती. रूपाबाई आदल्या दिवशीच नांदेडहून परतली होती. तिथे जगनजवळ त्याचा बाप थांबला होता.

"पोरगं वाचलं," ती म्हणाली. "एका डोळ्यानं दिसत न्हाई. तुमी डाक्टर हाव का?"

"न्हाई. लिस्टचं पुस्तक मी लिव्हलं. माझ्यानं चुकलं, बाई."

शकुंतलाबाईंनी सुई भरली. मग रूपाबाईने कडेवरची धाकटी खाली उतरवली, तिच्या झग्याची बाही वर सरकवली आणि तिचा दंड सोनाजीच्या हातात दिला.

"धरा बराबर," ती म्हणाली. "हलती ती."

त्याने दोन्ही हातांनी धरला.