हयात असल्याची खात्री

मेलेल्या माणसाला शांततेचा पुरस्कार देता येत नाही, असा नियम. का, ते विचारू नका; नियम करणारेही कधीच गेले. पण त्या एका नियमापायी कुलूपबाईंना दर फेब्रुवारीत तीनशेच्या आसपास माणसं जिवंत आहेत की नाहीत, हे बघत बसावं लागायचं.

कुलूपबाई हे अर्थातच टोपणनाव. पुरस्काराच्या कचेरीत तळमजल्यावर नामांकनांची लोखंडी कपाटं होती, त्यांच्या किल्ल्या बाईंकडे, आणि तोंड त्या कपाटांहून घट्ट, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी ठेवलेलं. वर पाच जणांची समिती बसायची. निकाल त्यांचा, पण नावं सुचवायची ती बाहेरच्यांनी: खासदार, न्यायाधीश, विद्यापीठातले प्राध्यापक, आधीचे मानकरी. जानेवारी संपायच्या आत पत्र आलं तर आलं. स्वतःचं नाव स्वतः सुचवलं की थेट केराची टोपली, आणि असे महाभाग दरवर्षी चाळीस तरी निघायचे. कोणी कोणाचं नाव सुचवलं, हे पन्नास वर्षं कोणाला कळू द्यायचं नाही. पन्नास वर्षं! तोवर सांगायला कोण उरतंय आणि ऐकायला कोण?

म्हणून बाई फोनवर खोटं बोलायच्या, तेही कचेरीच्या परवानगीने. "मान्यवरांच्या सूचीसाठी पत्ता तपासतेय," एवढंच म्हणायचं. माणूस बोलला की वहीत खूण करायची: हयात. एका माणसाला एकच फोन. बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात कटवायचे. घरी तर तेही नव्हतं. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, बहीण परदेशातून वाढदिवसाला तेवढी आठवण काढायची, आणि कचेरीतलं काही कोणाशी बोलायची सोय नाही. दिवसभर गुपितं सांभाळणाऱ्या बाईला संध्याकाळी बोलायला विषयच नसतो हो. मग माणसं येईनाशी होतात.

अपवाद एक. मास्तर.

मास्तर नदीकाठच्या शाळेत शिकवायचे. तीस वर्षांपूर्वी नदीच्या दोन काठांवरची माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, तेव्हा हा गृहस्थ एकटा होडीत बसून पलीकडे गेला आणि अकरा दिवस तिथेच राहून बोलणी करून आला. भांडण मिटलं. जगाला त्याचा पत्ताही नव्हता, पण नऊ वर्षं त्यांचं नाव न चुकता यादीत यायचं, आणि मार्चमधल्या पहिल्या चाळणीत न चुकता गळायचं.

ते नाव पाठवायचं कोण, हे फक्त कपाटाला आणि बाईंना ठाऊक. अर्जात एक रकाना असतो, सुचवणाऱ्याचं नातं काय म्हणून. त्यात दरवर्षी त्याच तिरक्या अक्षरात लिहिलेलं असायचं: "सख्खा भाऊ. बोलणं नाही." लिहिणारा इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. त्याचा एकुलता एक मुलगा त्या मारामारीत गेला होता, आणि महिना उलटायच्या आत धाकटा भाऊ मारणाऱ्यांच्या घरी जाऊन जेवला होता. पत्राच्या शेवटी प्राध्यापक लिहायचे, "मी त्याला क्षमा केलेली नाही. तरी त्याने केलं ते बरोबर होतं."

आणि मास्तर? मास्तर फोनवर भरपूर बोलायचे. दात, कबुतरं, शेजाऱ्याचा रेडिओ. बाई 'हं, हं' करत ऐकायच्या आणि मनातून सुखावायच्या. शेवटी मास्तर हमखास विचारायचे, "बाई, तुमच्या सूचीत माझा दादाही असेल. मोठा विद्वान आहे. आहे ना तो अजून?"

"दुसऱ्यांची माहिती देता येत नाही, मास्तर."

"बरोबर आहे तुमचं," म्हणून ते फोन ठेवायचे.

त्या वर्षी मात्र कबुतरं नाहीत की रेडिओ नाही. "फुप्फुसाचं ऑपरेशन आहे चार तारखेला," मास्तर म्हणाले. श्वास लागत होता. "डॉक्टर निम्मी आशा देतात. एवढंच सांगा, दादा आहे का? असला तरी येणार नाही म्हणा. माझं नावसुद्धा काढत नाही तो."

बाईंच्या समोर त्या दादाचं पत्र उघडं पडलेलं, पहिल्याच ओळीत मास्तरांचं नाव. जीव नुसता कासावीस झाला. "देता येत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला त्यांना. जळो मेला तो नियम.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी प्राध्यापकांना फोन लावला. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. बभ्रा झाला तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सर, तुमचं पत्र पोचलं."

"ते दरवर्षी पोचतं. फोन कधी येत नाही."

ताकाला जाऊन भांडं किती लपवणार! "सर, बोलायची बंदी आम्हाला आहे. तुम्हाला नाही. ज्यांचं नाव सुचवलं त्यांना तुम्ही..."

"तीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. आता बक्षिसाचं काय सांगू?"

"बक्षिसाचं नका सांगू." बाईंनी डोळे मिटले. "चार तारखेला ऑपरेशन आहे त्यांचं. निम्मी आशा. मला दरवर्षी विचारतात, दादा आहे ना म्हणून."



"दादा म्हणतो?"

"दादाच म्हणतात."

फोन कट झाला.

मग वर्षभर काही नाही. वहीत मास्तरांपुढे एका फोनची खूण झाली होती, दुसरा करायला कारण नव्हतं. मार्चमध्ये नाव गळलं. चार तारीख आली, गेली. बाई रोज पेपरातल्या निधनवार्ता वाचायच्या आणि नाव नाही दिसलं की दिवसापुरतं बरं वाटायचं. विचारणार कोणाला? सांगणार कोणाला?

जानेवारी संपला. तिरक्या अक्षरातलं पत्र आलं नाही. बाईंनी पोस्टाची पिशवी दोनदा उलटी केली. दोघांपैकी एक गेला, हे त्यांनी धरूनच चाललं. मास्तरांचं नाव यादीत नव्हतं, म्हणजे फोन करायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. त्यांनी केला.

"हॅलो," आवाज प्राध्यापकांचा.

बाईंनी हिशेब मांडला. भाऊ घरात, म्हणजे मास्तर गेलेच.

"पत्ता तपासायला..." बाईंनी सवयीने सुरुवात केली.

"ओळखलं," प्राध्यापक म्हणाले आणि आवाज खाली आणला. "यंदा पत्र नाही पाठवलं. जे लिहीत होतो ते त्याला तोंडावर सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आलो, तेव्हापासून इथेच आहे."

मागून खोकल्याचा आवाज आला. "दादा, कोण आहे रे?"

"सूचीवाल्या बाई."

"त्यांना सांग, पत्ता तोच. आणि कशा आहेत ते विचार. दरवर्षी मीच बोलत सुटतो, त्यांना कधी विचारलंच नाही."

"कशा आहात, विचारतोय तो," प्राध्यापक म्हणाले. "मीही विचारतोय."

बाईंना गेल्या कित्येक वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, आणि उत्तराची सवयच गेली होती. "बरी आहे," त्या म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी करा म्हणावं फोन," मागून मास्तर ओरडले.

"करीन," बाई म्हणाल्या.

पण नाव कोणी सुचवणारच नव्हतं, आणि ज्याचं नाव नाही त्याला फोन नाही. ते दोघे एका घरात आले याचा त्यांना आनंद झाला, मनापासून झाला. तरी कपाटाकडे तोंड करून त्या रडल्या, कारण वर्षातून एकदा आपल्याशी भरभरून बोलणारा माणूसही आता आपल्याला राहिला नाही. मग रुमालाने तोंड पुसून त्यांनी यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावला. तो हयात होता, आणि घाईत होता.