पाइपाला पाइप

"आली बया… गेली पुन्हा. नाक एकीकडं, डोळा एकीकडं. हिचं आता काय बघू मी, तुकडं?"

आबाजी टीव्हीशी बोलत होते. आवाज खालचाच, पण ओट्याशी भाकरी थापणाऱ्या निशिगंधाला शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि तो तिला ऐकू जावा म्हणूनच काढलेला होता. सासऱ्यांच्या पुटपुटण्याची पट्टी तिला एव्हाना पाठ झाली होती. स्वतःशी पुटपुटायचे तेव्हा ओठ हलायचे. सुनेसाठी पुटपुटायचे तेव्हा शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं कान टवकारायचं.

पडद्यावर संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम लागला होता. कांद्यावरच्या करप्याला कोणती फवारणी करावी, हे सांगणाऱ्या बाईच्या तोंडाचे चौकोन झाले, चौकोनांची रांगोळी झाली, आणि मग पडदा काळा. मधोमध एकच ओळ: सिग्नल नाही.

"सूनबाई, त्याला म्हणावं, गेलं."

'त्याला' म्हणजे दौलतरावला. आबाजींच्या एकुलत्या एका मुलाला, निशिगंधाच्या नवऱ्याला. तो या वेळी कुठे असणार? गच्चीवर. अँटेनावाल्या भैरूबरोबर. पाइप धरून.

निशिगंधा पिठाच्या हातानं जिन्याकडे गेली. "अहो, गेलं म्हणतात."

"कवा गेलं विचार. आत्ता, का मगाशी?"

तिनं कपाळाला हात लावला आणि कपाळही पिठाचं करून घेतलं.

तळवड्याच्या शिवेवरच्या या घरावर अँटेना होता तो आबाजींच्या ऐन उमेदीपासून. दक्षिणेला सिंहगड, गडावर प्रक्षेपणाचा मनोरा, आणि घरासमोर नुसती शेतं. तोंड तिकडे करून अँटेना बांधला की झालं. तेव्हाच्या चित्रात मुंग्या यायच्या, माणसं दोन-दोन दिसायची, पण दिसायची. पुढे प्रक्षेपण डिजिटल झालं, तसा आबाजींनी नवा डबा आणला, नवा अँटेना आणला, आणि कांद्याच्या पातीवरचं दव दिसायला लागलं. महिन्याला रिचार्ज नाही, कुणाची मिनतवारी नाही. "वाऱ्यावर येतं आन फुकट येतं," ते पाहुण्यांना सांगायचे. पण या नव्या चित्राचा स्वभाव वेगळा. जुनं कुरकुरत का होईना घरात राहायचं. हे आहे तोवर लख्ख, आणि एकदा बिनसलं की दारच बंद.

आबाजी आणि दौलतरावचंही तसंच झालं होतं.

दक्षिणेकडचं मोठं वावर दौलतरावनं बिल्डरला दिलं. आबाजी नको म्हणाले होते. एकदा ओसरीवर म्हणाले, एकदा जेवताना म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत, सही करून आले. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त त्या दिवसापासून मुलाशी थेट बोलणं बंद. जे काय सांगायचं ते सुनेमार्फत, आणि तेही फक्त टीव्हीबद्दल.

वावरात बावीस मजली इमारत उभी राहिली. तिला नाव काय द्यायचं, हे मात्र दौलतरावनं बिल्डरला ठणकावून सांगितलं होतं. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. 'सोजर हाइट्स'. अंधार पडायला लागला की माथ्यावर निळी अक्षरं पेटतात, चाकणहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमधूनसुद्धा दिसतात.

आता आली का पंचाईत. आईचं नाव असलेल्या इमारतीला वाईट कोण म्हणणार? आबाजींनी उभ्या जन्मात बायकोचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रिक्षावाल्यालाही ते "त्या उंच बिल्डिंगच्या अलीकडं" म्हणून पत्ता सांगायचे. मग ती आडवी येते, असं कसल्या तोंडानं म्हणणार?

चित्र पहिल्यांदा तुटलं ते सातव्या मजल्याचा स्लॅब पडला तेव्हा. दौलतरावनं अँटेनाला एक पाइप जोडला. आठवा स्लॅब पडला, दुसरा पाइप जोडला. पुढे तर शर्यतच लागली. तिकडे स्लॅब, इकडे पाइप, आणि पाइप हलू नये म्हणून चहूकडे ताणलेल्या तारा. गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय गेली. वारं आलं की पाइप असा डुलायचा की शेजारीण खिडकीतून लेकरांना आत ओढायची. शर्यत कोण जिंकणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलताना नाव दुसऱ्याच कुणाचं तरी निघायचं. कधी पतंगाचा मांजा. कधी कावळे. कधी चाकणच्या कंपन्यांतलं वेल्डिंग. एकदा तर दौलतराव म्हणाला, गडावर ढग उतरलेत, आणि मे महिना चालू होता.

भैरूचंही तेच. तो मूळचा परभणीकडचा, अँटेनापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत मिळेल ते बसवणारा. पहिल्याच दिवशी गच्चीवर चढून त्यानं दक्षिणेकडे पाहिलं, मान खाजवली, आणि म्हणाला, "बूस्टर बसवू, शेठ." त्याचा मेहुणा सोजर हाइट्सच्या गेटवर वॉचमन होता. आणि शेठच्या आईचं नाव त्यालाही वाचता येत होतं.

खरं तर उपाय सोपा होता. अँटेना त्या इमारतीच्या माथ्यावर लावायचा आणि वायर घरात ओढायची. पण त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं.

निशिगंधाच्या मुलीनं, ओवीनं, एकदा आजोबांना मोबाईलवर तोच कार्यक्रम लावून दिला. आबाजींनी फोन लांब धरला, जवळ धरला, परत दिला. "बैल उंदरायेवढा दिसतोय, बाळा. त्याला औताला कसा जुंपायचा?"

हे सगळं निशिगंधानं हसण्यावारी नेलं असतं. नेतही होती. पण आज संध्याकाळी चाकणहून सुमनताई, म्हणजे तिची नणंद, आबाजींना न्यायला यायची होती. कारण काय, तर टीव्ही. सुमनताईच्या घरावर डिशची छत्री आहे, तिच्याकडे चित्र लख्ख येतं; इथं मात्र रिचार्ज नको म्हणून आबाजींनी ती बसवू दिली नव्हती. "आठ-पंधरा दिस ऱ्हाईन," आबाजी म्हणाले होते, आणि दौलतरावनंही मान डोलावली होती. बरं आहे, हवापालट होईल.

दुपारी आबाजींच्या खोलीत झाडू मारायला गेलेल्या निशिगंधाला भिंतीवर नुसता खिळा दिसला. सोजरबाईंचा फोटो नव्हता. पेटीचं झाकण अर्धवट उघडं होतं. धोतराच्या घड्यांत, उपरण्यात गुंडाळलेली चौकट तिनं बोटांनी चाचपली आणि झाकण लावलं. आठ-पंधरा दिवसांसाठी कुणी बायकोचा फोटो नेत नाही.

ओवी पहिलीत असताना निशिगंधाला टायफॉइड झाला होता. तेव्हा या माणसानं रोज सकाळी नातीच्या वेण्या घातल्या होत्या. एक कानावर, एक मानेवर. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, तरी घातल्या. असा माणूस घरातून जाणार, आणि का, तर म्हणे सिग्नल नाही.

"आता बघा म्हणावं आलं का," वरून दौलतराव.

"आलं का, आबा?"

"न्हाई म्हणावं."

"नाही म्हणतात."

"डावीकडं घेऊ का विचार."

"डावीकडं घेऊ का म्हणतात."

"कुणाच्या डावीकडं? त्याच्या, का माझ्या?"

निशिगंधा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. हातावरचं पीठ वाळून भेगा पडल्या होत्या, तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येत होता. खाली एक म्हातारा काळ्या पडद्यासमोर, वर एक पन्नाशीचा बाप्या पाइपाला मिठी मारून, आणि दोघांच्या मधे ती, वायरीसारखी.

ती खाली उतरली नाही. वर गेली.

गच्चीवर भैरू अँटेनाचं तोंड पार उलट्या दिशेला वळवत होता. "चाकणवर आपटून सिग्नल माघारी येतंय का बघायलो, वहिनी. कधी कधी येतं तसं."

"भैरूभाऊ, खाली जाऊन तव्याखालचा गॅस बंद करा."

भैरूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पान्यासकट जिना उतरला.

समोर निळी अक्षरं नुकतीच पेटली होती. दौलतराव त्यांच्याकडे पाठ करून तारेचा ताण आवळत होता.

"अहो, आबांचा पुढचा निरोप मी आणणार नाही. तुमचाही खाली नेणार नाही."

"अगं, थोडकंच ऱ्हायलंय. ह्यो बूस्टर बसला की—"

"आईंचा फोटो पेटीत गेलाय."

दौलतरावचा हात तारेवर थांबला. "कुठल्या पेटीत?"

"आबांच्या. भिंतीवर खिळा राहिलाय. ताई आल्या की ते जातील, आणि यायचे नाहीत. टीव्हीसाठी गेले म्हणून सांगायचं लोकांना? सांगा. मी नाही सांगणार."

दौलतरावनं पाइप सोडला, हात पँटला पुसले आणि तो जिना उतरायला लागला. निशिगंधा त्याच्या मागे.

खोलीच्या दारात तो थांबला. सहीच्या दिवसानंतर या उंबऱ्याशी तो असा उभा राहिला नव्हता, कामापुरता आत-बाहेर करायचा तेवढंच. आबाजी पलंगावर बसलेले, पेटी पायाशी, रिमोट मांडीवर. मुलगा दारात आलेला त्यांनी पाहिला आणि नजर पुन्हा टीव्हीकडे वळवली. मग सुनेला म्हणाले,

"त्याला म्हणावं, दमू नको आता. आज वारं हाय, त्येनं जात आसंल."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

निशिगंधा गप्प राहिली. आबाजींनी तिच्याकडे पाहिलं, तरीही ती गप्प राहिली. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला, सुमनताईची असावी. दौलतराव उंबरा ओलांडून आत आला आणि टीव्हीच्या आड, बापाच्या अगदी समोर उभा राहिला.

"वारं न्हाई, आबा. आईच्या नावाची बिल्डिंग आडवी आलीया. कितीबी पाइप जोडलं तरी चित्र यायचं न्हाई. तुमी वावर देऊ नको म्हणत हुता, आन मी ऐकलं न्हाई."