उंटिणीच्या पोटातलं गाठोडं

किराणा दुकानदाराच्या घरी रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं. पिशव्या! ओट्याखाली पिशव्या, दारामागे पिशव्या, एका पिशवीत कोंबलेल्या शंभर पिशव्या.

"दुकानात वाटता ते वाटता, घरात तरी आणू नका," बायको कावायची.

"अगं, गिऱ्हाईक पिशवीलाच भुलतं," तो हसायचा. "दोन लिंबांनासुद्धा वेगळी पिशवी देतो, म्हणून तर शेजारचा माशा मारत बसलाय!"

पन्नाशीला गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मेव्हण्याने त्याला बळेच एका भटकंतीत ढकललं. वाटाड्याबरोबर दहाबारा जण, पाठीवर सामान, आठ दिवस वाळवंटातून पायी. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, कुठून या फंदात पडलो! पण सोबती झकास निघाले. एक होत्या जनावरांच्या निवृत्त डॉक्टरबाई. साठी उलटलेली, तरी चालायला सगळ्यांच्या पुढे. दुसरा टेलरमास्तर. त्याने पहिल्याच मुक्कामावर दुकानदाराच्या बॅगेचा उसवलेला पट्टा न सांगता शिवून दिला. तिसऱ्या दिवशी तिघं एका डब्यात जेवत होते, एकमेकांच्या घोरण्याची टिंगल करत होते. डॉक्टरबाई त्याला 'शेठ' म्हणू लागल्या होत्या.

खटका उडायचा तो एकाच गोष्टीवरून. खाणं संपलं की शेठ रिकामी पिशवी वाऱ्यावर सोडून द्यायचा. बाई मुकाट्याने तिच्यामागे पळायच्या.

"अहो बाई, एवढं मोठं वाळवंट, त्यात माझी एक पिशवी! कुणाला दिसणार आहे?"

"ज्याला दिसते ना शेठ, तो तक्रार करायला येत नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी ते एका विहिरीपाशी पोचले. तिथे एक म्हातारा उंटवाला गुडघ्यात डोकं घालून बसला होता. शेजारी त्याची उंटीण मरून पडली होती. बरगड्या मोजता येत होत्या, पोट मात्र टम्म फुगलेलं.

"महिनाभर काही खाईना," म्हातारा म्हणाला. "नऊ वर्षं होती माझ्याकडे. माझी नातवंडं हिच्या दुधावर वाढली. हिला झालं तरी काय?"

बाईंनी त्याची परवानगी घेतली, बाह्या सारल्या आणि सुरा मागितला. पोट उघडलं, तसा सगळा घोळका दोन पावलं मागे सरकला. आत गाठोडं होतं! दगडासारखं घट्ट, गव्हाच्या पोत्याएवढं, दोघांनी ओढूनही हलेना. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या! दोऱ्या आणि पिशव्या!

"पिशवीला खाण्याचा खारट वास असतो," बाई म्हणाल्या. "मुकं जनावर गिळतं. ती विरघळत नाही, पुढे सरकत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून खाणं सुटतं. भरल्या पोटी उपाशी मेली हो ही!"

टेलरमास्तरने सुऱ्याच्या टोकाने एक पिशवी सोडवली. दुकानाचं नाव पुसलं होतं, पण खालची अक्षरं स्पष्ट होती : 'धन्यवाद, पुन्हा या!'

शेठच्या पिशव्यांवरही हेच छापलेलं असायचं. ते शब्द त्याने स्वतः निवडले होते.

म्हाताऱ्याने पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "हे शहरातून येतं म्हणतात. कोण वाटतं हो एवढं?"

त्या प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच तो शेठच्या काळजात घुसला.

"मी," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. "बाबा, मीच वाटतो!"

बाई त्याच्याजवळ बसल्या. "शेठ, कपाळ बडवून ही उठणार नाही. घरी गेल्यावर काय करणार, ते बोला."

"बंद करेन. पण गिऱ्हाईक तुटेल हो..."

"तुटू दे थोडं," टेलरमास्तर म्हणाला. "माझ्याकडे उरलेल्या कापडाचा ढीग असतो. पिशव्या मी शिवतो, तुम्ही द्या."

चार दिवसांची ओळख, पण माणूस शब्दाला जागला. पुढच्याच महिन्यात कापडी पिशव्यांचा पहिला गठ्ठा दुकानात आला. काही गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, "चिक्कू झालात" म्हणून टोमणे मारले, काही शेजारच्या दुकानात गेली. त्यातली काही परत आलीच नाहीत. शेठ प्रत्येकाला त्या उंटिणीची गोष्ट सांगत राहिला. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या दिवशी घरून पिशवी घेऊन येऊ लागले. डॉक्टरबाई दर आठवड्याला फोन करून विचारतात, "शेठ, डगमगला नाहीत ना?"

मंडळी, आपण फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती फक्त आपल्या डोळ्यांआड होते आणि कुणाच्या तरी पोटात जाते. ते पोट मुक्याचं असतं, म्हणून आपल्याला हाक ऐकू येत नाही, इतकंच!