बावीस दोषांची गाडी

मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे, मित्रांनो. पांढरी म्हणायचे ते आपले सवयीने. माझ्या काट्यावर दोन लाख अडतीस हजार किलोमीटर जमा झाले आहेत. एवढे चालल्यावर माणूससुद्धा टेकायला जागा शोधतो. मी मात्र पाच महिने रोज सकाळी फडक्याने पुसून घेत होते आणि कालच कारखान्यातून आल्यासारखा चेहरा करून विक्रीच्या रांगेत उभी राहत होते. खरे सांगते, अगदी जीव विटला होता.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. खूप आवाज होता आणि माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी होत्या. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते काचवाल्या काकांकडे. काका चष्म्याच्या काचा गावोगावच्या दुकानांत पोचवत. मागच्या सीटवर काचांची खोकी असत, म्हणून सतरा वर्षांत त्यांनी मला एकदाही कचकन ब्रेक लावला नाही. खड्डा दिसला की ते मला झोपलेल्या बाळासारखे अलगद पलीकडे नेत.

ऑइल बदलायचा दिवस काका कधी चुकवत नसत. एका वहीत तारीख लिहीत आणि ती वही माझ्याच खणात ठेवत. ओरखड्यांकडे मात्र ते ढुंकूनही बघत नसत. एकदा गोदामातली हातगाडी घरंगळत आली आणि माझ्या मागच्या डाव्या दाराला वाटीएवढा पोचा पाडून गेली. काकू म्हणाल्या, "अहो, तेवढं ठोकून घ्या ना. चारचौघांत लाज वाटते."

"कपडा फाटका चालतो गं," काका म्हणाले, "पोट बिघडायला नको."

पोचा राहिला तो राहिलाच. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

पुढे काकांना दिसेनासे झाले. जन्मभर दुसऱ्यांसाठी काचा वाहिल्या आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांना कोणतीच काच चालेना. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या टपावरून चाचपत हात फिरवला. मुलाला म्हणाले, "सांभाळून ने रे." मुलाने नेले ते थेट जुन्या गाड्यांच्या आवारात.

आवाराच्या मालकाला सगळे चकचक शेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण पॉलिशवर त्याची फार श्रद्धा. पहिल्याच दिवशी त्याने माझा खण साफ केला आणि काकांची वही कचऱ्यात टाकली. माझ्या बाजूने बोलेल अशी तेवढी एकच गोष्ट होती.

मग गिऱ्हाइके येऊ लागली. एक म्हणाला, आरसा थरथरतो. दुसऱ्याला सीटचा उसवलेला टाका खुपला. एका बाईने खण उघडला आणि तो परत बंद होईना, तेव्हा तिने नवऱ्याकडे असे पाहिले की जणू तो त्यानेच मोडला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला! माझे इंजिन सुरू करून ऐकावे असे कोणाला वाटले नाही. शेवटी शेठही कंटाळला. "शनिवारपर्यंत गेली नाही तर भंगारवाल्याला बोलावतो," तो माझ्यासमोरच म्हणाला.

त्या मंगळवारी एक परिचारिका आली. ती घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुई, पट्ट्या बदली. तिच्या रस्त्यावरची बस बंद झाली होती आणि टोकाच्या वस्तीतल्या दोन आजोबांपर्यंत ती चार दिवस पोचली नव्हती. तिला गाडी लगेच हवी होती, आणि तिला झेपेल अशी सगळ्या आवारात मी एकटीच होते.

सोबत तिचा थोरला भाऊ होता. स्वभावाने भारी चिकित्सक! तो माझा एकेक दोष शोधून मोठ्याने नंबर देई आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढी. बंपर खरचटलेला, एक. काच अडकत खाली जाते, दोन. असे करत तो बावीसपर्यंत पोचला.

"दादा, तुला आरशासमोर उभं करून असं मोजलं तर संध्याकाळ होईल," बहीण म्हणाली.

"अगं, पण हा पोचा बघ! किती दिसतो."

"सुरकुत्या वेगळ्या, आजार वेगळा. सुरकुत्या मी रोज बघते. आजार आहे का, ते शुक्रवारी मिस्त्री येऊन सांगतील."

त्या एका वाक्याने मला किती धीर आला म्हणून सांगू!

पण शेठच्या कानांनी त्यातले फक्त 'पोचा दिसतो' एवढेच उचलले. दुसऱ्याच दिवशी त्याने पोच्यात पुट्टी भरली, घासली आणि वर रंग मारला. माझे ते एकच दार नवे कोरे दिसू लागले.

शुक्रवारी मिस्त्री आले. त्यांनी इंजिन चालू करून बराच वेळ कान दिला, ऑइल बोटांवर घेऊन चोळून पाहिले. "पोट साफ आहे," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी काकांचाच शब्द कानावर आला. मग ते दारांवर बोटे वाजवत निघाले. टण, टण, टण आणि मागच्या डाव्या दाराशी ढप्प! त्यांनी लोहचुंबक लावले. ते खाली पडले.

"ताई, इथं पुट्टी आहे. रंगही ताजा. मोठा मार लपवलेला दिसतोय. नका घेऊ."

"अहो, एवढासा पोचा होता! शपथेवर सांगतो!" शेठ रडकुंडीला आला.

"सगळे असंच म्हणतात," मिस्त्री म्हणाले.

परिचारिकेने पर्स खांद्याला लावली. ती फाटकाकडे निघाली. मला वाचा असती तर ओरडून सांगितले असते. उद्या शनिवार होता.

"थांबा, थांबा!" दादा म्हणाला. तो मोबाइलवर बोट सरकवत होता. "हा बघा, एकोणीस नंबर. मंगळवारचा फोटो आहे."

मिस्त्रींनी फोटो मोठा केला. पोचा पाहिला, दाराची कड पाहिली. मग दार दोनदा उघडून लावले. "चौकट सरळ आहे," ते म्हणाले. "हातगाडी-बितगाडी लागलेली दिसते. याला कशाला झाकलं, शेठ?"

"चांगलं दिसावं म्हणून," शेठ पुटपुटला.

"झाकलंत म्हणून तर मी निघाले होते," परिचारिका म्हणाली. "आता घेते, पण हिच्या कशालाही हात लावू नका." शेठने हातातले फडके मुकाट्याने खिशात घातले.

तेव्हापासून मी रोज म्हाताऱ्यांच्या दारांशी उभी असते. पहिल्याच दिवशी आम्ही त्या दोन आजोबांकडे गेलो. काच अजून अडकते, खण अजून लागत नाही, चढ आला की मला दम लागतो. थकवा काही गेलेला नाही, मित्रांनो, आणि या वयात तो जाणारही नाही. जुनी वस्तू घेताना तिचे ओरखडे खुशाल मोजा. त्यांनीच मला वाचवले. पण आधी तिच्या पोटाचा आवाज ऐका. आणि आपल्याकडची वस्तू दुसऱ्याला देताना तिचे डाग झाकू नका.

गेल्या आठवड्यात शेठची पुट्टी पोपडा धरून गळून पडली. परिचारिकेने पोच्यावरून अंगठा फिरवला आणि हाक मारली, "दादा, तुझा एकोणीस नंबर परत आला!"

"फोटो काढू?" दादाने आतून विचारले.

"राहू दे," ती म्हणाली. तिने बॉनेट उघडले आणि ऑइल पाहिले.