काळा की करडा

ताईंच्या टेबलावर दोन खोकी ठेवून मुख्य बाई म्हणाल्या, "हा काळा, हा करडा. दोन्ही बिनवायरचे, दोन्ही कानावर हलके बसणारे. संध्याकाळपर्यंत एक पसंत करा, दुसरा दुकानात परत जाईल. आणि ताई, दोन महिन्यांत हा तिसरा हेडफोन. आता तरी डाव्या बाजूची रड नको."

ताई हसल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण भीती वाटली की माणूस आधी हसून घेतं.

त्यांचं काम ऐकण्याचं. इस्पितळात शस्त्रक्रियेआधी नर्स रोग्याला पंचवीस प्रश्न विचारते. दोघांपुढे दोन माइक असतात आणि ते रेकॉर्डिंग ऐकून ताई फॉर्म टाइप करतात. नर्सचा आवाज उजव्या कानात, रोग्याचा डाव्या. रोगी काहीच बोलला नाही तर 'तक्रार नाही' असं टाइप करायचं, ही त्या खात्याची जुनी रीत. अठरा वर्षांत ताईंच्या फॉर्मात कुणाला साधी काना-मात्रेची चूक सापडली नव्हती.

त्यांनी काळा चढवला आणि एक गाणं लावलं. उजवीकडे लख्ख. डावीकडे मात्र गाणारीनं तोंडावर गोधडी घेतल्यासारखं. काढला, पुसला, पुन्हा बसवला. तेच. मग करडा घेतला. त्याची गादी जास्त मऊ होती, पण गोधडी तीच.

आधीचे दोन हेडफोन दुकानदारानं हूं की चूं न करता परत घेतले होते. तेव्हा त्यांना केवढं बरं वाटलं होतं! पण चार हेडफोन एकाच बाजूनं कसे बिघडतील? याचं उत्तर ताईंना ठाऊक होतं, म्हणूनच तो प्रश्न त्या मनातसुद्धा पुरा होऊ देत नव्हत्या.

करायचं ते अगदी सोपं होतं. हेडफोन उलटा घालायचा, बस. पोरंसुद्धा हे करून बघतात. पण हात उचलेना.

बाबांचा डावा कान आधी गेला होता, सेहेचाळिसाव्या वर्षी. पुढे नोकरी गेली. घरात सगळे त्यांना 'भिंत' म्हणायचे आणि हे नाव ठेवणारी कारटी म्हणजे नऊ वर्षांच्या ताई. बाबांच्या पाठीमागे उभं राहून त्या म्हणायच्या, "भिंतबुवा, चहा घेणार का?" घर हसायचं. सगळे हसतायत म्हटल्यावर बाबाही वळून हसायचे. आता ताईंना पंचेचाळीस चालू होतं आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेवटी डोळे मिटून त्यांनी करडा उलटा घातला. गोधडीतला आवाज उजव्या कानात आला, स्वच्छ, खणखणीत. आणि मघाचा लख्ख आवाज डावीकडे जाऊन गोधडीत शिरला. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून त्यांनी मान वळवली, तर डावीकडच्या टेबलावरची बडबडी मैत्रीण त्यांच्याकडेच बघत होती.

"अहो ताई, तिसऱ्यांदा विचारतेय! जावई निवडताय की हेडफोन?" म्हणत तिनं दोन्ही ओढून घेतले, कानाला लावले, मान डोलावली. "ठणठणीत आहेत की दोन्ही! करडा घ्या. त्यात एक सोय आहे, फोनवरून दोन्ही बाजूंचा आवाज एक करता येतो. माझा लेक तसाच ऐकतो, एक कान गाण्याला आणि एक माझ्या बोलण्याला. म्हणजे म्हणतो तसं!"

तिनंच फोनवर ती सोय चालू करून दिली आणि ती चहाला गेली. ताईंच्या जिवात जीव आला. एका कानात दोन्ही आवाज! निवृत्तीपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. करडाच घ्यायचा, ठरलं.

खात्री करायला त्यांनी सोमवारचं, टाइप करून पाठवलेलं एक रेकॉर्डिंग लावलं. समोर फॉर्म उघडला.

"एखाद्या औषधाचा त्रास होतो का?" नर्सनं विचारलं. फॉर्मात पुढे ताईंनी टाइप केलं होतं, 'तक्रार नाही'.

आणि तिथं एक म्हातारा हळू आवाजात बोलत होता. "हो बाई, पेनिसिलिनचा. घसा आवळला होता माझा. मरता मरता वाचलो."

"बरं," म्हणून नर्स पुढच्या प्रश्नावर गेली. टाइप करणारी ऐकेलच, असा तिचा भरवसा.

फॉर्मावर शस्त्रक्रियेची तारीख होती. उद्या, सकाळी आठ.

हा एक फॉर्म गुपचूप दुरुस्त करता आला असता. ताईंचा हात तिकडे गेलाही. पण दोन महिन्यांत असं 'तक्रार नाही' किती वेळा टाइप केलं? त्यातली किती माणसं शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन आली? आली ना? ताई उठल्या आणि जवळजवळ पळतच मुख्य बाईंच्या खोलीत शिरल्या.

"कोणता ठरला?" मुख्य बाईंनी विचारलं.

"दोन्ही चांगले आहेत. आधीचेही चांगले होते. माझा डावा कान गेलाय." ताई म्हणाल्या. "उद्या आठची शस्त्रक्रिया थांबवा, त्या रोग्याला पेनिसिलिन चालत नाही. आणि दोन महिन्यांचे माझे सगळे फॉर्म दुसऱ्या कुणीतरी पुन्हा ऐकायला हवेत."

मुख्य बाईंनी फोन उचलला आणि तोंड फिरवून नंबर दाबता दाबता त्या ताईंना काहीतरी म्हणाल्या. रागानं की मायेनं, तेही कळलं नाही.

सवयीनं ताईंच्या ओठांवर हसू आलं. ते बाबांचं हसू होतं, त्यांनी लगेच ओळखलं.

त्यांनी ते पुसलं आणि उजवा कान पुढे केला.

"मला ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांगा."